मॅचला गुलाबी घालायचं, पण कशासाठी?



आयपीएल सुरू असली की घरातला रिमोट आपल्या हातात नसतो, हे काही नव्याने सांगायला नको. तरी भाकरी थापता थापता टीव्हीकडे नजर जातेच. काहीजणींच्या लक्षात आलं असेल, गुजरात टायटन्सचा संघ एरवी गडद निळ्या कपड्यांत खेळतो, पण एखाद्या मॅचला फिकट जांभळे कपडे घालून उतरतो. पहिल्यांदा त्यांनी हे केलं ते १५ मे २०२३ रोजी, अहमदाबादला, सनरायझर्स हैदराबादविरुद्ध. शुभमन गिलने त्या दिवशी शतक ठोकलं. तो जांभळा रंग हौस म्हणून नव्हता. त्याला लव्हेंडर म्हणतात आणि सगळ्या प्रकारच्या कर्करोगांविषयी जागृतीचा तो रंग मानला जातो. स्तनाच्या कर्करोगाचा रंग वेगळा, तो गुलाबी.

हा विषय अंकात घ्यायचं कारण मात्र आयपीएल नाही. संक्रांतीनंतर आपल्या प्रभागात कबड्डीचे सामने भरतात. यंदा दोन ग्रामसंघांकडून लेखी सूचना आली आहे, की शेवटच्या दिवशी सामने बघायला येणाऱ्या सगळ्यांनी गुलाबी कपडे घालावेत, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती होईल. मासिक सभेत यावर चांगलीच चर्चा झाली. काही ताईंना कल्पना फार आवडली. एका ताईंनी मात्र सरळ विचारलं, गुलाबी साडी नेसल्याने छातीतली गाठ सापडते का? प्रश्न टोचणारा होता, पण रास्त होता. ठराव पुढच्या सभेवर गेला. त्याआधी हा रंगाचा प्रकार कुठून आला, कुठे त्याचा उपयोग झाला आणि कुठे नुसता बाजार झाला, हे सगळ्यांना माहीत असावं म्हणून हा लेख.

सिडनीची गुलाबी कसोटी

ग्लेन मॅकग्रा हे नाव घरातल्या कुठल्याही क्रिकेटवेड्याला विचारा. ऑस्ट्रेलियाचा उंच, किडकिडीत वेगवान गोलंदाज. कसोटीत ५६३ बळी. त्याची बायको जेन. तिला १९९७ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, स्तनाचा कर्करोग झाला. उपचार झाले, बरं वाटलं, पुढे मुलं झाली. पण आजार पुन्हा उलटला. या सगळ्या फेऱ्यांत एका प्रशिक्षित नर्सची सोबत मिळाली तर घरच्यांचा किती भार हलका होतो, ते या दोघांनी अनुभवलं. नवरा-बायकोने २००५ मध्ये मॅकग्रा फाउंडेशन ही संस्था सुरू केली. हेतू एकच होता: ज्या घरात हा आजार शिरेल, त्या घराला अशी नर्स मिळावी, आणि तीही फुकट. जून २००८ मध्ये जेन गेली. ४२ वर्षांची होती.

पुढच्याच जानेवारीत, म्हणजे २००९ मध्ये, सिडनीच्या मैदानावर नव्या वर्षाची कसोटी गुलाबी रंगात झाली. तेव्हापासून दर जानेवारीला होते. स्टम्पा गुलाबी, फलक गुलाबी, आणि प्रेक्षकांमध्ये गुलाबी टोप्या, गुलाबी शर्ट, काहींच्या डोक्यावर गुलाबी केसांचे टोपसुद्धा. तिसरा दिवस जेनच्या नावाचा. त्या दिवशी खेळाडू आपल्या गुलाबी टोप्या ग्लेनच्या हातात देतात. मोठमोठे दाढीवाले बाप्ये डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होऊन बसलेले असतात आणि कोणी कोणाला हसत नाही.

आपला भारतीय संघही तिथे खेळलाय: २०१२, २०१५, २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये. पुजाराने १९३ धावा काढल्या आणि पंतने नाबाद १५९, ती २०१९ ची कसोटी गुलाबीच होती. तीच मालिका जिंकून भारताने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा कसोटी मालिका घेतली. घरात कोणाला आठवण असेल तर विचारून बघा, त्या खांबांच्या गुलाबी रंगाचं कारण त्यांना माहीत आहे का.

आता आपल्या कामाचा मुद्दा. त्या गुलाबी गर्दीतून जमलेला पैसा जातो कुठे? नर्सच्या पगाराला. आज अशा दोनशेहून अधिक नर्स ऑस्ट्रेलियात काम करतात, आणि शहरांपासून लांबच्या भागांतही त्या नेमलेल्या आहेत. सरकारनेही त्यात पैसा घातलाय, सगळा भार मॅचवर नाही. नर्स करते काय? डॉक्टर भराभर जे बोलून जातात ते साध्या शब्दांत समजावते. कुठली तपासणी आधी, कुठली नंतर, केस गेले तर काय, लेकरांना घरात काय सांगायचं, हे सगळं ती बघते. तिच्याकडे जायला कोणाची चिठ्ठी लागत नाही आणि पैसे पडत नाहीत.

२०२१ मध्ये तर गंमत झाली. करोनामुळे मैदान मोजक्याच प्रेक्षकांना खुलं होतं. गुलाबी गर्दीच नाही, मग निधी कुठून येणार? संस्थेने रिकाम्या खुर्च्याच विकायला काढल्या. खुर्चीवर बसायला मिळणार नव्हतं, नुसतं तिच्या नावाने पैसे भरायचे. लोकांनी भरले, भरभरून भरले. हीच ती कसोटी, ज्यात शेवटच्या दिवशी विहारी आणि अश्विन यांनी दुखणं अंगावर काढत तासन् तास खेळून सामना वाचवला. रंगवायला माणसंच नव्हती, तरी काम झालं, कारण रंगामागे काय आहे ते लोकांना बारा वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं.

दक्षिण आफ्रिकेतही जोहान्सबर्गला गुलाबी एकदिवसीय सामना होतो. एबी डिव्हिलियर्सने ३१ चेंडूंत शतक ठोकलं, ते २०१५ मध्ये अशाच सामन्यात.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकते. दिवस-रात्र चालणाऱ्या कसोटीत गुलाबी चेंडू वापरतात, त्याचा कर्करोगाशी काही संबंध नाही. दिव्यांच्या उजेडात लाल चेंडू नीट दिसत नाही म्हणून तो. राजस्थान रॉयल्सचा गुलाबी जयपूर शहराचा, आणि कबड्डीतल्या जयपूर पिंक पँथर्सचाही तोच. म्हणजे गुलाबी दिसलं की जागृती, असं नाही. रंग स्वतःहून काही सांगत नाही, सांगावं लागतं.

घरात बनवलेली फीत

गुलाबी रंगाआधी एक वेगळाच रंग होता, आणि ती गोष्ट आपल्यासारख्या बायांची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये शार्लट हेली नावाच्या बाई होत्या. त्यांच्या आजीला, बहिणीला आणि लेकीला स्तनाचा कर्करोग झालेला. १९९० च्या सुमारास त्यांनी घरीच, जेवणाच्या टेबलावर, फिकट पीच रंगाच्या फिती करायला सुरुवात केली. पाच-पाच फिती एका कार्डाला लावायच्या आणि वाटायच्या. कार्डावर लिहिलेलं असायचं, की सरकारच्या कर्करोग संस्थेच्या एवढ्या मोठ्या खर्चातले फक्त ५ टक्के आजार टाळण्यासाठी जातात. ही फीत लावा आणि लोकप्रतिनिधींना जागं करा. म्हणजे त्या फितीत एक मागणी होती, हिशेब होता.

मग १९९२ मध्ये एक मोठं मासिक आणि सौंदर्यप्रसाधनांची एक मोठी कंपनी त्यांच्याकडे आली. आपण मिळून करू म्हणाली. हेलीबाईंनी नकार दिला. त्यांना त्याचा धंदा व्हायला नको होता. त्या मंडळींनी काय करावं? रंग बदलला. पीचच्या जागी गुलाबी घेतला आणि फीत बाजारात आणली. कार्डावरची मागणी गेली, फीत राहिली. पुढे साबणापासून चपलांपर्यंत सगळ्यावर ती लागली.

अमेरिकेत अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचा जो फुटबॉल आहे, त्याच्या व्यावसायिक लीगने २००९ पासून ऑक्टोबर महिन्यात गुलाबी सुरू केलं. धिप्पाड गडी गुलाबी मोजे आणि हातमोजे घालून खेळायचे. बघायला छान. पण गुलाबी टोप्या आणि जर्सी दुकानात विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा लोक विचारायला लागले, की या टोपीतले किती पैसे खरोखर कर्करोगाच्या कामाला जातात आणि किती दुकानदाराकडे राहतात? लीगचं म्हणणं होतं की आम्ही यातून नफा घेत नाही. तरी शंका उरलीच, कारण घेणाऱ्या माणसाला टोपीवर हिशेब दिसत नव्हता. २०१७ पासून त्यांनी फक्त गुलाबीचा हट्ट सोडला आणि इतर कर्करोगांनाही जागा दिली. अमेरिकेतल्या रुग्ण स्त्रियांच्याच एका संघटनेने २००२ पासून मोहीम चालवली आहे, की गुलाबी वस्तू घेण्याआधी विचारा: पैसे कोणाला, किती, आणि ही वस्तू स्वतःच आजार वाढवणारी तर नाही ना?

हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. आपल्याकडे तो लावून बघा. मैदानावर खेळाडू कर्करोगासाठी जांभळे कपडे घालून उभे, आणि षटक संपलं की जाहिरात लागते पान मसाल्याच्या नावाच्या इलायचीची. इलायची कशी असते ते आपल्याला माहीत आहे, डब्यावरचं नाव कशाचं आहे तेही माहीत आहे. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी कबड्डीच्या मैदानाबाहेर टपरीवर काय मिळतं, हे कोणी मला विचारू नये. आणि नुसतं बाप्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. मिसरी कोण लावतं? तोंडाचा कर्करोग आपल्या देशात सगळ्यात जास्त होणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, आणि तंबाखू भाजून दातांना लावली म्हणजे ती औषध होत नाही.

घाबरवून काय होतं?

अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या सूचनेच्या विरोधात जाते. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. स्त्रियांना जाहिराती दाखवल्या. काहींत गुलाबी रंग आणि ‘तू बाई आहेस’ याची आठवण होती, काहींत नव्हती. गुलाबीवाल्या बायकांनी स्वतःला धोका कमी आहे असं मानलं, आणि मदत द्यायलाही त्या कमी तयार होत्या. अजब वाटतं ना? संशोधकांचं म्हणणं असं, की जी भीती थेट आपल्या बाईपणावर येते, तिच्याकडे मन पाठ फिरवतं.

मला हे वाचून फार नवल वाटलं नाही. आपल्याकडे या आजाराचं नावही घेत नाहीत, ‘तो मोठा आजार’ म्हणतात. स्तन हा शब्द सभेत उच्चारायला आपण ‘छाती’ म्हणून वळण घेतो. मी वर तेच केलंय. गाठ हाताला लागते, दुखत नाही, म्हणून गप्प बसायचं. खरं तर न दुखणारी गाठच दाखवायची असते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते आपण ठरवायचं नाही. गाठ, कातडीला खळगा पडणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्त येणं, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. अंगावर काढायचं नाही, तेल चोळून बघायचं नाही.

उशीर किती महाग पडतो ते आकड्यांत बघा. २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारे ९८ हजार बायका त्या आजाराने गेल्या. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. सगळ्या जगाचा हिशेब केला तर साधारण साडेतीन नव्या रुग्णांमागे एक. आजार तोच, फरक पडतो तो बहुतेक वेळा कधी कळलं आणि उपचार पूर्ण झाले का, यात. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचं आणखी वाईट: त्याच वर्षी सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण, आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू. त्या आजारालाही एक रंग आहे, निळसर हिरवा. पण त्या रंगाची टोपी घालून कुठलं मैदान भरलेलं मी तरी बघितलेलं नाही. पोटाखालचा आजार, त्याचं कौतुक कोण करणार!

आणि तपासणी? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, की स्तनाची तपासणी कधी तरी झाली आहे का. देशात शंभरात एकही भरली नाही: ०.९ टक्के. गर्भाशयाच्या मुखाची १.९ टक्के. ही रंगाने भरून निघणारी तूट नाही.

बार्शी आणि मुंबईच्या बायांनी काय दाखवलं

गुलाबी टोपीची गोष्ट ऑस्ट्रेलियाची, पण तपासणीची गोष्ट आपल्या मातीतली आहे, आणि ती सिडनीइतकीच मोठी आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर एक अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, काहींत दुसऱ्या तपासण्या, काहींत नेहमीप्रमाणेच चालू ठेवलं. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. साऱ्या जगातले डॉक्टर आज या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात सामील झालेल्या बाया कोण होत्या? शेतात खुरपायला जाणाऱ्या, आपल्यासारख्याच.

दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांमधला, टाटा रुग्णालयाचा. १९९८ मध्ये सुरू झाला, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रिया त्यात होत्या. डॉक्टरांनी नाही, मशीनने नाही, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. वीस वर्षं लक्ष ठेवलं. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. त्याच मुंबईतल्या कामात गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून, पांढरा डाग दिसतो का ते बघायची साधी तपासणीही केली. त्याने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणजे चार आठवडे शिकलेली बाई, तिचे हात आणि कापसाचा बोळा. एवढ्यात जीव वाचतात. आपल्या गावाच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जुन्या उपकेंद्रात, तीस वर्षांवरच्या प्रत्येकीची स्तन, गर्भाशयाचं मुख आणि तोंड यांची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असा सरकारचा कार्यक्रम आहे. आशाताई घरी येऊन जो मोठा फॉर्म भरून नेतात, मिसरी लावता का, गाठ आहे का, अंगावरून जातं का, असं विचारतात, तो याच तपासणीचा पहिला टप्पा. पुष्कळजणी ‘काही नाही, काही नाही’ म्हणून तो पाच मिनिटांत संपवून टाकतात.

मग कबड्डीला काय करायचं?

माझं मत: गुलाबी घालावं. पण आधी तारीख ठरवावी, मग रंग. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून सामन्यांच्या नंतरच्या आठवड्यातले दोन दिवस तपासणीसाठी पक्के करावेत, आणि त्या दोन दिवसांची तारीख मिळाली नाही तर गुलाबीचा नाद सोडून नेहमीसारखे सामने खेळावेत. तारखेशिवाय रंग म्हणजे जेवणाचा बेत नसताना पंगत बसवल्यासारखं.

तपासणी मैदानावर मात्र नको. बाहेर पाचशे पुरुष आरोळ्या देतायत आणि आपण मंडपाच्या कनातीआड छातीवरचा पदर काढायचा, हे कोणाला जमणार? मैदानावर फक्त नावनोंदणी, तीही वहीत, माईकवर नाही. तपासणी उपकेंद्रात, दार लावून, बाईच्याच हातून.

साड्यांचं म्हणाल तर, साधी धरली तरी तीनशेला एक. दोनशे जणींच्या झाल्या साठ हजार. गटाच्या पैशातून असला खर्च करायला माझा विरोध आहे. ज्यांच्याकडे गुलाबी आहे त्यांनी नेसावं, नाही त्यांनी ब्लाउजपीसची एक पट्टी दंडाला बांधावी. शिवणकाम करणाऱ्या आपल्या गटाकडे चिंध्या भरपूर पडलेल्या असतात. पट्टी दहा रुपयांना द्यावी आणि हिशेबाचा कागद मैदानाच्या फळ्यावर लावावा: किती विकल्या, किती जमले, कुठे जाणार. शार्लटबाईंच्या कार्डासारखं.

पैसे कुठे जाणार, तर जिच्या तपासणीत काही निघेल तिच्या पुढच्या फेऱ्यांसाठी. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे हे खरं, पण तालुक्याला, मग जिल्ह्याला, सोनोग्राफीला एक दिवस, गाठीचा तुकडा तपासायला एक दिवस, रिपोर्टला एक दिवस. प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही. बऱ्याच बायका आजाराने नाही, या फेऱ्यांनीच हरतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा खर्च बसतो, पण ती योजना दवाखान्याच्या दारापासून पुढे सुरू होते, घरापासून दारापर्यंतचं आपल्यालाच बघावं लागतं. प्रत्येक ग्रामसंघाने दोन ‘सोबतिणी’ नेमाव्यात असं मी सुचवते. कागद सांभाळणाऱ्या, खिडकीवर न लाजता विचारणाऱ्या, गावात जाऊन तोंड न उघडणाऱ्या. ऑस्ट्रेलियातल्या त्या नर्सएवढं शिक्षण त्यांच्याकडे नसेल, पण अर्धं काम तरी तेच आहे.

आणि गुलाबी घालायचंच तर पुरुषांनी आधी घालावं. सामने बघायला गर्दी कोणाची असते? तपासणीला जायचं म्हटलं की मोटरसायकल कोणाकडे मागावी लागते? ‘तुला काय धाड भरलीय’ असं म्हणून कोण उडवून लावतं? ज्याच्या गळ्यात गुलाबी उपरणं असेल, त्याला घरी गेल्यावर बायकोने, आईने विचारता तरी येईल, की बाबा, हे कशासाठी होतं? सिडनीत ही सगळी मोहीम एका वेगवान गोलंदाजाच्या नावाने उभी राहिली, आणि बायकोच्या आजाराबद्दल तो हजारो पुरुषांसमोर बोलला, हे विसरू नये. आपल्या दोन्ही संघांच्या कप्तानांना ग्रामसंघाने आधीच भेटावं. उपरण्याचा रंग बघून पोरं थोडी हसतील. हसू द्या.

एक काळजी घ्यायला हवी. आपल्या प्रभागात काही जणी या आजारातून गेल्या आहेत, काहींचा एक स्तन काढलेला आहे. त्यांना विचारल्याशिवाय व्यासपीठावर बोलवायचं नाही, हार घालायचा नाही. एखादीला गुलाबी बघवत नसेल, तर तिने त्या दिवशी घरी थांबावं किंवा हिरवं नेसून यावं, कोणी कारण विचारू नये.

मैदानापासून टपरी लांब ठेवण्याचं काम ग्रामपंचायतीचं आहे, त्यासाठी वेगळा अर्ज लागेल. तो लिहायला लेखापाल ताई मदत करतील. सोबतीण म्हणून ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी ते आपल्या ग्रामसंघाच्या सचिवांकडे पुढच्या सभेच्या दोन दिवस आधी द्यावं. आशाताईंचा तो मोठा फॉर्म ज्यांनी ‘काही नाही’ म्हणून भरलाय, त्यांनीही तो पुन्हा एकदा भरायला सांगावं. आशाताई रागावणार नाहीत, मी विचारून ठेवलंय.